आंदोलन चालू असताना डीन व्हावं का? नांतेरच्या डीनांचं पुढे काय झालं

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी एका राज्य विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक आहे, सेवा 19 वर्षं. फीवाढ आणि वसतिगृहावरून आमच्याकडे आंदोलन पेटलंय. आधीचे डीन राजीनामा देऊन मोकळे झाले आणि आता कुलगुरूंनी मला विचारलंय. घरचे म्हणतात घे, विभागातले म्हणतात करिअरची माती होईल. अशा काळात डीन झालेल्या माणसाचं पुढे नेमकं काय होतं?"

विभागातले म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त कारण ते भलतंच सांगत असणार. घोषणा झाल्या, पुतळा जाळला, केबिनला कुलूप ठोकलं म्हणून कुणा डीनचं करिअर संपलेलं मी तरी पाहिलं नाही. हे सगळं लोक विसरतात, विद्यार्थी तर पुढच्या सेमिस्टरलाच विसरतात. डीन अडकतो तो एका कागदात: पोलिसांना आत बोलावणाऱ्या पत्रात. ते पत्र गेलं तर एक बाजू त्याला जन्मभर ऐकवते, नाही गेलं तर दुसरी. आणि पत्र द्यायचं की नाही हे ठरवणारा बहुतेक वेळा तो नसतोच.

मी आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला आणि नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मानव्यविद्या शाखेची डीन होते. शिकवताना जे उदाहरण मी वर्गात सांगायचे तेच खुर्चीत बसल्यावर रोज आठवायला लागलं. पॅरिसच्या वेशीवरच्या नांतेरचं. 1968 ते 1970 एवढ्या थोड्या काळात तिथल्या साहित्य विद्याशाखेत डीनच्या खुर्चीने जेवढी माणसं पाहिली आणि त्यांचं जे जे झालं, त्यात तुमच्या प्रश्नाची बहुतेक उत्तरं आहेत.

नांतेर आधी डोळ्यांसमोर आणा. सोरबोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या जुन्या विद्यापीठात, विद्यार्थी मावेनात म्हणून 1964 मध्ये हवाई दलाच्या जुन्या जागेवर ही शाखा काढली. आजूबाजूला अल्जीरियन आणि पोर्तुगीज मजुरांच्या झोपड्या, चिखल, अर्धवट इमारती, सिनेमा नाही, धड कॅफे नाही. पहिल्या वर्षी दोनेक हजार विद्यार्थी होते, चार वर्षांत आकडा 10 हजारांच्या पुढे गेला. मुलामुलींची वसतिगृहं वेगळी, मुलांना मुलींच्या इमारतीत जायला बंदी. आपल्याकडच्या एखाद्या नव्या कॅम्पसवर माळावर बांधलेल्या वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे वर्णन समजावून सांगावं लागत नाही.

तिथला पहिला डीन पिएर ग्रापँ. जर्मन भाषा-साहित्याचा अभ्यासक, मवाळ डाव्या विचारांचा, विद्यार्थ्यांशी बोललं पाहिजे असं मनापासून मानणारा. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होता, पकडला गेला होता आणि छावणीकडे नेणाऱ्या रेल्वेगाडीतून निसटला होता. हा तपशील लक्षात ठेवा.

1967 च्या नोव्हेंबरमध्ये नांतेरला मोठा संप झाला. मुद्दे साधे होते: वर्गात बसायला जागा नाही, नव्या अभ्यासक्रमात जुन्या विद्यार्थ्यांचं काय होणार ते कुणी सांगत नाही. ग्रापँने विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या संयुक्त समित्या नेमल्या. बैठका झाल्या, मागण्या लिहिल्या गेल्या आणि मंत्रालयाकडे गेल्या. पुढे काहीच नाही. फ्रान्समध्ये तेव्हा डीन सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने यायचा, पण पैसा, पदं, इमारती, अभ्यासक्रम सगळं मंत्रालयाच्या हातात. डीनच्या वर पॅरिसचा रेक्टर, रेक्टरच्या वर मंत्री. म्हणजे ग्रापँकडे चर्चेचा अधिकार होता, चर्चेत ठरलेलं देण्याचा नव्हता. 1968 चा इतिहास लिहिणारे मे महिन्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते नांतेरमध्ये डीनची पत गेली ती या नोव्हेंबरच्या समित्यांमध्ये. मे महिन्यात फक्त हिशेब झाला.

8 जानेवारी 1968 ला युवक व क्रीडा मंत्री मिसॉफ तिथल्या नव्या जलतरण तलावाच्या उद्घाटनाला आले. दानिएल कॉन-बेंदिट नावाच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांना अडवून विचारलं की तरुणांवर एवढा जाडजूड अहवाल काढलात, त्यात लैंगिक प्रश्नांचा उल्लेख कसा नाही? मंत्र्यांनी उत्तर दिलं, असे प्रश्न पडत असतील तर तलावात बुडी मार. त्यावर विद्यार्थ्याने हिटलरच्या युवक संघटनेची आठवण काढली. किस्सा एवढाच, पण त्यातून त्या विद्यार्थ्याला काढून टाकणार, देशाबाहेर घालवणार अशी चर्चा सुरू झाली. 26 जानेवारीला साध्या वेशातले पोलीस कॅम्पसवर फिरतात असा आरोप करत विद्यार्थ्यांनी त्यांचे फोटो फलकांवर लावून मोर्चा काढला. कर्मचाऱ्यांशी झटापट झाली. डीनने पोलीस बोलावले. पोलीस आले आणि विद्यार्थ्यांनी हाताला लागेल ते फेकून त्यांना पिटाळून लावलं.

त्या दिवसापासून भिंतीवर आणि घोषणेत एक जोडी कायमची चिकटली: ग्रापँ नाझी.

गाडीतून निसटलेल्या माणसाला ही घोषणा रोज ऐकावी लागली. वर्गात हे सांगितलं की मुलं क्षणभर गप्प व्हायची आणि मग एखादा विचारायचाच, "पण मॅडम, पोलीस त्यानेच बोलावले ना?" हो, त्यानेच बोलावले. दोन्ही खरं आहे आणि डीन झालात की ही दोन्ही खरी वाक्यं एकत्र घेऊन घरी जायची सवय करावी लागते. तुमचं पूर्वायुष्य, तुमची पुस्तकं, तुम्ही आणीबाणीत काय केलं किंवा नामांतराच्या वेळी कुठे उभे होता, यातलं काहीही गेटवरच्या मुलाला माहीत नसतं. त्याला दिसते ती फक्त पाटी.

22 मार्चला व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनांत झालेल्या अटकांच्या निषेधात 142 जणांनी प्रशासकीय इमारतीच्या वरच्या मजल्यावरचं प्राध्यापक परिषदेचं दालन ताब्यात घेतलं. मध्यरात्रीनंतर ते बाहेर पडले, पण चळवळीला नाव आणि तारीख मिळाली. ग्रापँने काही दिवस वर्ग बंद ठेवले, पुन्हा उघडले. एप्रिल धुमसत गेला. 2 मे रोजी नांतेर बंद झाल्याचं जाहीर झालं आणि कॉन-बेंदिटसह आठ विद्यार्थ्यांना 6 मे रोजी सोरबोनमध्ये शिस्तपालन समितीपुढे हजर व्हायला सांगितलं.

इथे प्रशासन म्हणून जे झालं ते नीट बघण्यासारखं आहे. कॅम्पस बंद केल्याने आंदोलन बंद होत नाही, त्याची जागा बदलते. नांतेरची मुलं पॅरिसच्या मध्यभागी आली. 3 मे रोजी ती सोरबोनच्या अंगणात जमली आणि आता प्रश्न ग्रापँच्या हातातून सुटून रेक्टर झाँ रोश यांच्या टेबलावर गेला. फ्रान्समध्ये विद्यापीठाच्या आवारात पोलिसांनी विद्यापीठप्रमुखाच्या मागणीशिवाय शिरायचं नाही ही जुनी परंपरा. पॅरिसचे पोलीसप्रमुख मोरिस ग्रिमो हे सावध गृहस्थ. तोंडी सांगून चालणार नाही, लेखी द्या, असा त्यांचा आग्रह. रेक्टरांनी लिहून दिलं की आत शिरलेल्या गोंधळ घालणाऱ्यांना बाहेर काढून सुव्यवस्था आणावी. पोलीस आत गेले, शेकडो मुलांना गाड्यांत भरलं, आणि त्या संध्याकाळीच सोरबोनभोवतालच्या लॅटिन क्वार्टर या विद्यार्थीवस्तीत दगडफेक सुरू झाली. आठवड्याभरात 10 मेच्या रात्री रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, 13 मेला सार्वत्रिक संप, आणि महिनाअखेरीस लाखो कामगार कामावर नव्हते.

ग्रिमोंबद्दल एक सांगण्यासारखं आहे. 29 मे रोजी त्यांनी आपल्या प्रत्येक पोलिसाला पत्र पाठवलं: खाली पडलेल्या निदर्शकाला मारणं म्हणजे स्वतःलाच मारणं. त्या सगळ्या प्रकरणातून इज्जत राखून बाहेर पडलेला बडा अधिकारी म्हणून लोक आज पोलीसप्रमुखाचं नाव घेतात. रेक्टर किंवा डीनचं घेत नाहीत. लेखी मागणारा सुटला, लिहून देणारा अडकला.

तुम्हाला हे ओळखीचं वाटलं असेल, कारण आपल्याकडेही पोलीस निरीक्षक फोनवर सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "सर, तेवढं लेखी द्या." कायद्याने बघाल तर आपल्याकडे दखलपात्र गुन्हा घडत असेल तर पोलिसांना विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही. पण रिवाज पत्राचा आहे, आणि रिवाजामागे अक्कल आहे: उद्या लाठी चालली तर फाइलमध्ये कुणाचं पत्र आहे हे बघितलं जातं. ते पत्र नियमाने कुलसचिवांच्या सहीने जायला हवं. पण रात्री साडेअकराला कुलसचिव "पोचतोय" म्हणतात, कुलगुरू मुंबईत बैठकीला असतात, आणि समोर हजर असतो तो डीन. लेटरहेड त्याच्याच टेबलावर असतं.

पत्राच्या मजकुरावर मी एवढा भर का देते ते सांगते. "विद्यापीठ परिसरात कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी आवश्यक तो बंदोबस्त पुरवावा ही विनंती" हे वाक्य सगळ्या फाइलींत सापडतं, आणि ते भयंकर ऐसपैस आहे. परिसर म्हणजे मुख्य गेट? की प्रशासकीय इमारत? की मुलींच्या वसतिगृहाचा जिना? आवश्यक तो म्हणजे किती, कधीपर्यंत, आणि हे कोण ठरवणार? पत्र द्यावंच लागलं तर जागा लिहा, तारीख आणि वेळ लिहा, इमारतीच्या आत प्रवेशाची मागणी नाही असं स्पष्ट लिहा, विद्यापीठाचा कोणता अधिकारी तिथे हजर राहील त्याचं पदनाम लिहा. एवढं करूनही भागेलच असं नाही. ते का, हे पुढच्या डीनच्या गोष्टीत येतं.

ग्रापँने त्याच वर्षी पद सोडलं. मधले काही महिने लॅटिनचे प्राध्यापक झाँ बोझ्यू यांनी कारभार पाहिला आणि 1969 च्या एप्रिलमध्ये पॉल रिकर डीन म्हणून निवडून आले. होय, तेच तत्त्वज्ञ रिकर. सोरबोनची प्रतिष्ठेची जागा सोडून ते नांतेरला आपणहून आले होते, कारण सोरबोनमध्ये विद्यार्थ्याशी बोलणंच होत नाही असं त्यांना वाटे. विद्यार्थिसंख्या अशीच नियोजनाशिवाय वाढत राहिली तर शिक्षणव्यवस्थेत स्फोट होईल, असं त्यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यातच लिहून ठेवलं होतं. महायुद्धाची पाच वर्षं त्यांनी जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत काढली होती. विद्यार्थ्यांच्या मागण्यांबद्दल त्यांना सहानुभूती होती, भाषा येत होती, नैतिक वजन होतं. अशा काळासाठी यापेक्षा चांगला डीन कागदावर तरी तयार करता आला नसता.

तरी वर्ष पुरं झालं नाही. 1970 च्या जानेवारीत काही विद्यार्थ्यांनी त्यांना गाठून कचऱ्याचा डबा त्यांच्या डोक्यावर उपडा केला. वर्तमानपत्रांना याहून सोपी बातमी मिळणार नव्हती. रिकर काही दिवस रजेवर गेले. हाणामाऱ्या वाढत होत्या, लोखंडी सळ्या घेऊन गट एकमेकांवर धावत होते. फेब्रुवारीच्या अखेरीस शाखेच्या परिषदेने एक ठराव केला, आणि तो प्रशासकीय दृष्टीने चलाख वाटत होता: इमारतींचं जुनं संरक्षण कायम ठेवायचं, पण कॅम्पसमधले रस्ते हे साधे सार्वजनिक रस्ते मानायचे. म्हणजे रस्त्यावर सुव्यवस्थेची जबाबदारी पोलिसांची, आतली आमची. परिषदेच्या मनात अधूनमधून फिरणारी गस्त असावी. गृहखात्याने तो ठराव वाचला आणि मार्चच्या पहिल्या दिवसांत मोठा फौजफाटा पाठवला. छपरांवरून टेबलं-खुर्च्या खाली, खालून अश्रुधुर वर. पोलिसांनी उभ्या मोटारींच्या काचासुद्धा फोडल्या. जखमींची संख्या शंभरावर गेली. रस्ता आणि इमारत हा फरक ठरावात होता, धुरात कुठे दिसतो?

रिकरनी मार्चच्या मध्यावर राजीनामा दिला.

आता करिअरचं. त्या काळात डाव्यांनी त्यांना पोलीस आणणारा म्हटलं, उजव्यांनी दुबळा म्हटलं. त्याच शैक्षणिक वर्षात कोलेज द फ्रान्स या फ्रान्समधल्या सर्वात मानाच्या संस्थेतल्या जागेसाठी ते उभे होते आणि ती तत्त्वज्ञ मिशेल फूकोला मिळाली. फ्रान्समध्ये पुढची दहा-पंधरा वर्षं त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही असंच म्हणावं लागेल. ते बेल्जियममध्ये लूव्हँला गेले, नांतेरला परतले, आणि दर वर्षीचा काही काळ शिकागो विद्यापीठात शिकवू लागले. रूपक, काळ आणि कथन यांवरचं त्यांचं सगळ्यात मोठं काम या राजीनाम्यानंतरचं आहे. 2000 साली त्यांना क्योतो पुरस्कार मिळाला. त्याच सुमाराला म्हातारपणी त्यांना एका ग्रंथाच्या संपादनात मदत करणारा एक तरुण होता, तो पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. मॅक्राँ.

ग्रापँचंही तसंच. फ्रान्समध्ये जर्मन शिकणाऱ्या पिढ्यांनी त्यांचं नाव घेतलं ते 1968 मुळे नाही, लारूस प्रकाशनाच्या त्यांच्या जाडजूड जर्मन-फ्रेंच शब्दकोशामुळे. "ग्रापँमध्ये बघ" म्हणजे शब्दकोशात बघ. आंदोलनाने दोघांची खुर्ची घेतली, दोघांचा विषय घेतला नाही. तुमच्या विभागातल्या मंडळींना हे सांगा. माती होते ती ज्याच्याकडे खुर्चीपलीकडे काहीच उरलेलं नसतं त्याची, आणि अशांची माती एरवी शांततेच्या काळातही होतेच, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी.

रिकरनंतर नांतेर सांभाळलं रने रेमाँ यांनी. फ्रान्समधल्या उजव्या राजकारणाचे इतिहासकार, रिकर यांच्या काळात त्यांच्याबरोबरच कारभारात असलेले. 1971 ते 1976 ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते, पुढे फ्रेंच अकादमीत निवडून गेले. त्यांच्या संयमाचं, ऐकून घेण्याच्या हातोटीचं खूप कौतुक होतं आणि ते खरंही असेल. पण मला त्यात अर्धाच अर्थ दिसतो. 12 नोव्हेंबर 1968 च्या कायद्याने जुन्या विद्याशाखा मोडल्या, निवडून आलेल्या परिषदा आणल्या, त्यांत विद्यार्थी बसवले. तो कायदा जमिनीवर उतरायला दोन-तीन वर्षं लागली. ग्रापँकडे तो नव्हता, रिकरच्या वेळी तो अर्धा शिजलेला होता, रेमाँच्या हाती तयार आला. शिवाय 1970 मध्ये सरकारने सगळ्यात आक्रमक गटावर बंदी घातली, तोडफोडीविरुद्ध कडक कायदा केला, आणि मुलं थकलीही होती. यशस्वी डीन पुष्कळदा तिसरा असतो. तुम्हाला बोलावणं आलंय ते पहिल्यानंतर की दुसऱ्यानंतर, हे मोजून बघा.

अमेरिकेतली उदाहरणं थोडक्यात सांगते, कारण त्यांत सहीचा मुद्दा आणखी उघडा पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर 1964 च्या सप्टेंबरमध्ये कॅम्पसच्या कडेला विटांच्या 26 फुटी पट्ट्यावर टेबलं मांडून राजकीय प्रचार करायला बंदी घालणारं पत्र निघालं. सही होती विद्यार्थी विभागाच्या डीन कॅथरीन टाउल यांची. बाई साध्यासुध्या नव्हेत, अमेरिकन मरीन दलाच्या महिला विभागाच्या त्या पहिल्या संचालक होत्या, कर्नल. निर्णय वरून आला होता, त्यांना तो पटला नव्हता, पण पत्र त्यांच्या नावाने गेलं. त्यातून अभिव्यक्ती स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली, डिसेंबरमध्ये एका इमारतीतून सुमारे 800 जणांना अटक झाली, चान्सेलरला, म्हणजे तिथल्या कॅम्पसप्रमुखाला, जावं लागलं. टाउल पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या मरीन दलातल्या कारकिर्दीला एक ओळ असते आणि त्या पत्राला एक पान.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 23 एप्रिल 1968 ला हंगामी डीन हेन्री कोलमन यांना विद्यार्थ्यांनी त्यांच्याच कचेरीत दिवसभराहून जास्त अडकवून ठेवलं. ते बाहेर आले, चिडले नाहीत, आणि पुढेही कोलंबियातच काम करत राहिले. 1972 मध्ये निलंबित केलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातूनही वाचले आणि पुन्हा कामावर आले. उलट डेव्हिड ट्रूमन हे आधीचे डीन, राज्यशास्त्रातलं मोठं नाव, तेव्हा प्रोव्होस्ट, म्हणजे अध्यक्षांखालचे मुख्य शैक्षणिक अधिकारी. विद्यापीठाचे पुढचे अध्यक्ष तेच अशी सगळ्यांची खात्री. 30 एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी इमारती रिकाम्या केल्या, 700 च्या आसपास अटका झाल्या, आणि ट्रूमन यांची पुढची वाट तिथेच बंद झाली. पुढच्या वर्षी ते माउंट होलिओक या दुसऱ्या कॉलेजचे अध्यक्ष म्हणून गेले. कोंडला गेलेला टिकला. पोलीस बोलावणाऱ्यांच्या बाजूला बसलेला गेला.

आता तुमचं.

आधी नियुक्तीचा कागद बघा. महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याखाली डीन विभाग सांभाळून काम करत, 2016 च्या कायद्याने चार विद्याशाखा केल्या आणि डीन हा पूर्णवेळ, पगारी अधिकारी झाला, त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधली. म्हणजे कुलगुरू गेले की तुम्हीही गेलात. मूळ प्राध्यापकपदावरचा तुमचा लिअन, म्हणजे त्या पदावर परतण्याचा हक्क, कायम राहील असं नियुक्तिपत्रात स्पष्ट यायला हवं. "ते असतंच हो, काळजी करू नका" असं आस्थापना विभाग म्हणेल. असतं तर लिहायला काय हरकत आहे, असं नम्रपणे विचारा. ग्रापँ आणि रिकर परत वर्गात जाऊ शकले कारण वर्ग त्यांची वाट बघत होता. तुमचा वर्ग परत मिळेल याची सोय तुम्हालाच करायची आहे. जमल्यास एम.ए.चा एक पेपर शिकवत राहा, आठवड्यातून दोन तास का होईना. पीएच.डी.ची मुलं दुसऱ्याकडे देऊन टाकू नका.

मग कुलगुरूंशी बोला. एकच गोष्ट विचारायची आहे: पोलिसांना पत्र कोण देणार? उत्तर "आपण सगळे मिळून ठरवू" असं आलं तर समजा की सही तुमची आहे. ते काम कुलसचिवांचं, आणि ते नसतील तर कुणाचं, हे व्यवस्थापन परिषदेच्या इतिवृत्तात यायला हवं. आंदोलन टिपेला पोचलं की अशी नोंद कुणी करत नाही, म्हणून खुर्ची घेण्याआधीच ती करून घ्या.

फीवाढीबद्दल तुम्ही समिती नेमाल, ते बरोबरच आहे. पण नोव्हेंबर 1967 ची ग्रापँची समिती आठवा. फी कमी करणं डीनच्या हातात नाही. वसतिगृहाची दुरुस्ती अर्धी त्याच्या हातात आहे, अर्धी बांधकाम विभागाकडे. पहिल्या बैठकीत मुलांसमोर दोन याद्या ठेवा, एक माझ्या सहीने होणाऱ्या गोष्टींची आणि एक वर पाठवाव्या लागणाऱ्या गोष्टींची. पहिली यादी लहान असते: मेसच्या ठेकेदाराला नोटीस, रात्री वाचनालय उघडं ठेवणं, फीचा हप्ता, हॉल तिकीट अडवू नये म्हणून परीक्षा विभागाला पत्र. ती पंधरा दिवसांत पुरी करा. माझ्या अनुभवात फीच्या आंदोलनाचं मूळ खणत गेलं की पुष्कळदा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलेल्या शिष्यवृत्तीपाशी पोचतं. मुलगा फी भरत नाही कारण शिष्यवृत्ती आलेली नाही, शिष्यवृत्ती नाही कारण कॉलेजच्या लॉगिनवर अर्ज पडून आहे. एक हुशार कारकून तिथे आठवडाभर बसवला तर गेटवरची अर्धी गर्दी कमी होते. यात तत्त्वज्ञान काही नाही, पण रिकरांनाही याचा उपयोग झाला असता असं मला राहून राहून वाटतं.

आणि एक. चर्चेला बसणारा माणूस आणि शिस्तपालन समितीत बसणारा माणूस एक असता कामा नये. नांतेरची मुलं मे महिन्यात उसळली त्यामागे तीच आठ समन्सं होती. चौकशी समितीवर तुमचं नाव आलं तर नकार द्या आणि कारण लेखी द्या. समितीत बसायला हौशी लोक कमी नसतात. वाहिन्यांच्या माइकपुढे बोलायचं जनसंपर्क अधिकाऱ्याने. मुलांच्या व्हॉट्सअॅप गटात तुम्हाला कुणी घातलं तर वाचा, लिहू नका. तुमच्या एका ओळीचा स्क्रीनशॉट राजभवनापर्यंत जाऊ शकतो.

घ्यावं का? कुलगुरूंची तीन वर्षं उरली असतील, लिअन लेखी मिळत असेल आणि पत्राचा प्रश्न सुटला असेल, तर घ्या. मुदत वर्षभराची उरली असेल तर त्यांना फक्त गेटवर उभा करायला माणूस हवा आहे. मग आईच्या आजारपणाचं कारण सांगा, ते सगळ्यांना मान्य असतं. आणि घेतलंत तर कायद्यात सहयोगी डीनचं पद आहे, ते तुमच्या पसंतीने भरायची अट घाला. माती होईल म्हणणाऱ्या विभागातल्या मंडळींपैकी जो सगळ्यात ठामपणे म्हणतो, त्याचंच नाव सुचवा. असा माणूस पत्राचा मसुदा दोनदा वाचतो.